जुन्या फायबर होडीच्या तळासाठी लॅपॉक्स एल-१२ आणि के-६: नाशिकच्या हवेतलं परीक्षण

निकाल आधीच सांगतो. फायबरच्या जुन्या शिडाच्या होडीचा पाण्याखालचा भाग दुरुस्त करायचा असेल, म्हणजे भोक बुजवायचं असेल, चीर भरायची असेल किंवा सुटलेला थर पुन्हा बांधायचा असेल, तर नाशिकला बसून मिळवता येणाऱ्या मालात लॅपॉक्स एल-१२ हे इपॉक्सी रेझिन (काचेच्या कापडाला भिजवून दगडासारखं पक्कं होणारा चिकट द्रव) आणि त्याला पक्कं करणारा के-६ हार्डनर ही जोडी सर्वांत भरवशाची आहे. पाचापैकी चार गुण. एक गुण कापला तो रेझिनच्या घट्टपणासाठी आणि उन्हाळ्यात हाताला मिळणाऱ्या अपुऱ्या वेळासाठी. पण तळ ओला असेल तर हे चारही गुण मातीमोल होतात. इपॉक्सी कितीही चांगलं असलं तरी ओल्या फायबरला ते धरत नाही, म्हणून या परीक्षणाचा मोठा भाग डबा उघडण्याच्या आधीच्या कामाचा आहे.

एल-१२ हे गुजरातेतल्या वलसाडजवळच्या अतुल कंपनीचं द्रव इपॉक्सी. के-६ हा त्याचा अमाइन जातीचा पातळ हार्डनर. प्रमाण वजनाने १०० ला १०. हा माल खास होड्यांसाठी बनवलेला नाही. कास्टिंग, चिकटवणं, लॅमिनेशन अशा सर्वसाधारण कामांसाठी तो आहे, आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कंपोझिटचे जे प्रयोग होतात त्यांतही ही जोडी सर्रास दिसते. होडीवाल्यांसाठी बनलेल्या आयात इपॉक्सींशी, उदाहरणार्थ वेस्ट सिस्टिमच्या १०५ शी, तुलना केली तर तिथे पातळ रेझिन, जलद-संथ असे वेगवेगळे हार्डनर आणि मापाचे पंप मिळतात. काम नक्कीच सोपं होतं, पण ते बरंच महाग पडतं आणि मागवून वाट पाहावी लागते. एक हातभर पॅच मारायचा असेल तर एल-१२ पुरेसं आहे. सगळा तळ सोलून नव्याने थर चढवायचे असतील तर मात्र आयात मालाचा किंवा संथ हार्डनरचा विचार जरूर करावा.

अंबड आणि सातपूर एमआयडीसीत फायबरचं काम करणारे कारागीर आहेत. टाक्या, दारं, पत्रे, बागेतल्या मूर्ती यांवर त्यांचा हात बसलेला असतो आणि तो बसलेला असतो जीपी, म्हणजे सर्वसाधारण कामाच्या, पॉलिएस्टर रेझिनवर. होडी मुळात पॉलिएस्टरचीच, मग दुरुस्तीही त्यानेच का करू नये, हा प्रश्न तिथे हमखास येतो. त्याचं उत्तर नीट समजून घ्यायला हवं. नवी होडी साच्यात बनते तेव्हा प्रत्येक थर आधीचा थर कच्चा असतानाच चढतो, त्यामुळे दोन थर रासायनिक बंधाने एकजीव होतात. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी पक्का झालेला तळ हा बंध देऊ शकत नाही. नवा थर तिथे नुसत्या चिकटण्यावर उभा राहतो. पॉलिएस्टर घट्ट होताना चांगलंच आकसतं आणि पॅचची कड स्वतःच उपटायला लागतं. इपॉक्सीचं आकसणं त्याच्या निम्म्याहूनही कमी आणि चिकटण्याची ताकद कितीतरी जास्त. शिवाय जीपी रेझिन कायम पाण्यात राहण्यासाठी नाहीच. पॉलिएस्टरच वापरायचं म्हटलं तर किमान आयसो, म्हणजे पाण्याला जास्त टिकणारं पॉलिएस्टर घ्यावं, त्याहून चांगलं व्हिनाईल एस्टर हे वेगळ्या जातीचं रेझिन. पण व्हिनाईल एस्टरचं आयुष्य काही महिन्यांचंच असतं आणि पत्र्याच्या तापलेल्या गोदामात ते आणखी घटतं. डब्यावरची तारीख पाहिल्याशिवाय ते घेऊ नये.

पॉलिएस्टरच्या बाबतीत जिवाशी गाठ असलेली एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आपल्याकडे रेझिनसोबत कोबाल्ट (पक्कं होण्याचा वेग वाढवणारा द्रव) आणि एमईकेपी हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात. हे दोन एकमेकांत थेट कधीही मिसळायचे नाहीत, भडका उडतो किंवा स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच एमईकेपी टाकायचं, आणि दोन्हींना एकच मोजपात्र वापरायचं नाही. एमईकेपीचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते.

नाशिकची होडी गोड्या पाण्यात राहते, आणि म्हणून तळाची तपासणी इथे जास्त कसून हवी. खाऱ्या पाण्याने होडी खराब होते असा सर्वसाधारण समज आहे. फायबरला फोड येण्याच्या बाबतीत उलट आहे. पाणी जेलकोटमधून, म्हणजे फायबरवरच्या बाहेरच्या चकचकीत रंगीत थरातून, हळूहळू आत झिरपतं, आतल्या पोकळ्यांत उरलेले ग्लायकॉलसारखे विरघळणारे अंश त्यात उतरतात आणि दाट द्रव तयार होतो. बाहेरचं पाणी जितकं गोडं, तितका दोन्ही बाजूंच्या दाटपणातला फरक मोठा, आणि तितक्या जोराने पाणी आत ओढलं जातं. आतला दाब वाढतो आणि जेलकोट फोडासारखा वर येतो. मुंबई बंदरात बरी राहिलेली होडी गंगापूर धरणाच्या पाण्यात सतत ठेवली तर तिला फोड लवकर येऊ शकतात. शिडाची छोटी होडी वापरून झाली की पाण्याबाहेर, ट्रेलरवर, डोक्यावर छप्पर आणि आत वारा खेळता असलेल्या जागी ठेवणं हाच यावरचा सर्वांत स्वस्त उपाय.

तपासणीला सुरुवात करण्याआधी तळ धुऊन, पुसून, पूर्ण कोरडा करावा आणि होडी उलटी घ्यावी. सकाळी किंवा संध्याकाळी तिरप्या उन्हात तळावर नजर टाकली की फोड, खोलगट भाग आणि जुन्या दुरुस्तीत भरलेली लांबी (पुटी) उठून दिसते. मग प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने किंवा नाण्याने चार-चार सेंटिमीटरवर टकटक करत जायचं. चांगलं फायबर खणखणीत वाजतं. थर सुटलेला असेल किंवा आतला फोम पाणी प्यायलेला असेल तर आवाज बद्द येतो. बद्द आवाजाची कड मार्करने आखत गेलं की दोषाचा नकाशा तयार होतो, आणि दिसणाऱ्या तड्यापेक्षा तो बहुतेकदा दुप्पट मोठा निघतो. आत एखादी आडवी भिंत किंवा पट्टी असेल तिथे आवाज आपोआप बदलतो. तो दोष नव्हे, म्हणून डाव्या बाजूचा आवाज उजव्या बाजूच्या त्याच जागेशी ताडून पाहावा.

तडे बारीक असतील तर पातळ केलेली शाई फिरवून लगेच पुसावी, शाई तड्यात राहते. एका बिंदूपासून चांदणीसारखे पसरलेले तडे म्हणजे ठोकर, आणि त्यामागचा थर जवळजवळ नेहमी आतून दुखावलेला असतो. समांतर रेघा म्हणजे तो भाग वापरात लवतो आहे. तिथे नुसता जेलकोट भरला तर एका मोसमात रेघा परत येतात, आतून थर वाढवून ताठरपणा द्यावाच लागतो. सेंटरबोर्डची (तळातून पाण्यात खाली सोडायच्या फळीची) पेटी तळाला जिथे मिळते तो कोपरा, डोलकाठीचा पाया, डोलकाठीचे ताण बांधलेल्या पट्ट्या, सुकाणूच्या बिजागऱ्यांचे स्क्रू, तळ आणि डेक यांचा जोड, या पाच जागांवर वेळ घालवावा. मुंबईकडून कसारा घाट चढून ट्रेलरवर आलेल्या होडीत ट्रेलरचे रोलर टेकतात त्या जागाही बघाव्यात. सगळं वजन चार ठिपक्यांवर येतं आणि घाटातल्या हिसक्यांनी तिथलं फायबर आतून चुरतं. बाहेरून फक्त एक फिकट डाग दिसतो. धरणाचं पाणी एप्रिल-मे मध्ये उतरलं की काठचा काळा पाषाण उघडा पडतो, त्यामुळे नाळेखालचा (होडीच्या पुढच्या टोकाखालचा) भाग आणि मधला कणा हेही ओरखडे खाणारे. जेलकोटमधून काचेचे धागे दिसायला लागले की तिथून पाणी आत जात आहे असं धरून चालावं.

फोड आला असेल तर डोळ्यांवर गॉगल लावूनच तो टोचावा, आतला द्रव दाबाखाली असतो आणि चिळकांडी उडते. द्रव चिकट आणि व्हिनेगरसारखा आंबूस वासाचा असेल तर तो वर सांगितलेलाच प्रकार. स्वच्छ पाणी किंवा कोरडा असेल तर तो फोड बहुधा रंगाच्या थरातला आहे, फायबरमधला नाही.

ओल मोजायला होडीसाठीचे विजेचे मीटर असतात, ते पृष्ठभागावर नुसते टेकवायचे असतात. सुतारांचं दोन टाचण्यांचं मीटर फायबरवर निरुपयोगी आहे. छोट्या होडीसाठी मात्र याहून खात्रीचा मार्ग वजनाचा. लेझर या एकट्याने चालवायच्या छोट्या शिडाच्या होडीचं उदाहरण घ्या, तिचं मोकळं हल, म्हणजे शीड-डोलकाठीशिवायचं नुसतं अंग, ५९ किलोचं असतं. जुनं हल ६५ भरलं तर जादाचे सहा किलो म्हणजे पाणी, जुन्या दुरुस्त्या आणि रंग. लटकता डिजिटल काटा किंवा द्राक्षांच्या पॅकिंग शेडवरचा प्लॅटफॉर्म काटा चालतो. दर आठवड्याला वजन लिहून ठेवावं. आकडा उतरायचा थांबला आणि दोन आठवडे तिथेच राहिला की तळ वाळला. जोडीला प्लास्टिकची परीक्षा: ३० सेंटिमीटरचा पारदर्शक पॉलिथिनचा चौकोन चारही कडांना टेपने हवाबंद चिकटवायचा. दिवसभराने आत दव जमलं तर अजून थांबायचं.

वाळवण्याच्या बाबतीत नाशिकचं हवामान ही मोठी देणगी आहे. फेब्रुवारीच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत इथली हवा जितकी कोरडी असते तितकी किनाऱ्यावर कधीच मिळत नाही. मुंबईच्या होडीमालकालाही दुरुस्तीसाठी होडी इकडे आणणं परवडावं असा हा काळ. होडी सावलीत उलटी, हवाबंद पेट्यांची झाकणं आणि बुचं काढलेली, आत छोटा पंखा. पण फोड असलेला तळ नुसता ठेवून वाळत नाही, आणि घाईत इथेच फसगत होते. फोडांतला ग्लायकॉल उडून जात नाही, प्रोपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदू १८८ अंश आहे. उलट तो हवेतली ओल धरून ठेवतो. तो धुऊनच काढावा लागतो. फोड ग्राइंडरने पूर्ण उघडायचे, गरम पाण्याने ब्रश मारून धुवायचं, दोन दिवस वाळू द्यायचं, पुन्हा धुवायचं. उघड्या भागाला बोट लावलं की चिकट लागेनासं होईपर्यंत हे चालू ठेवायचं. वाळायला महिना-दोन महिने जातात, म्हणून फोडांचं काम फेब्रुवारीतच उघडावं. एप्रिलच्या शेवटी उघडलं तर पावसाळा गाठतो.

आता खरवडणं. आधी मेण आणि तेल काढायचं, नंतर घासायचं. हा क्रम उलटा केला तर कागद मेण रगडून फायबरच्या ओरखड्यांत भरतो आणि इपॉक्सी तिथून पापुद्र्यासारखं सुटतं. एका पांढऱ्या फडक्याने अॅसिटोन लावायचं आणि ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायचं. मग ४० ते ६० नंबरच्या डिस्कने खराब फायबर काढत जायचं, पांढरट किंवा दुधी दिसणारा भाग संपून घट्ट, एकसारखा रंग लागेपर्यंत. त्यानंतर उतार, म्हणजे भोकाची कड तिरकी घासत पातळ करणं. पाण्याखालच्या भागाला जाडीच्या बारापट उतार द्यावा. तळ ४ मिलिमीटर जाड असेल तर चारही बाजूंना ४८ मिलिमीटर. म्हणजे ६० मिलिमीटरच्या भोकासाठी बाहेरचं वर्तुळ १५६ मिलिमीटरचं झालं. एवढं चांगलं फायबर घासून टाकायला जीव होत नाही, आणि तिथेच दुरुस्ती कच्ची राहते. उतार कमी पडला की सगळा ताण कडेच्या अरुंद रेघेवर येतो. पॅच निसटतो तो बहुतेकदा याच रेघेवरून.

फायबरची धूळ साध्या रुमालाने अडत नाही. चांगला एन-९५ मास्क, गॉगल, पूर्ण बाह्या. मुंबईहून आलेल्या होडीच्या तळावर समुद्री शेवाळरोधक रंगाचे जुने थर असतील तर ते कोरडे घासूच नयेत, त्यात तांबं आणि इतर विषारी घटक असतात. पाण्याचा कागद वापरून ओलं घासावं आणि गाळ ताडपत्रीवर जमा करावा. गंगापूर धरणातून नाशिक शहराला पिण्याचं पाणी जातं. खरवडणं, धुणं, रेझिन यातलं एकही काम काठावर करू नये, होडी घरी किंवा शेडमध्येच आणावी. गोड्या पाण्यात तो शेवाळरोधक रंग परत लावण्याची गरजही नाही.

काचेच्या कापडाची निवड हा एल-१२ वापरताना सर्वांत जास्त चुकणारा भाग. फायबरच्या दुकानात पहिल्यांदा पुढे येते ती चौरस मीटरला ३०० किंवा ४५० ग्रॅमची चॉप मॅट, म्हणजे काचेच्या तुकडे केलेल्या धाग्यांची चादर. मॅटचे तुकडे एका बाइंडरने धरलेले असतात आणि तो बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरिन या द्रावकात विरघळण्यासाठी बनवलेला असतो. इपॉक्सीत स्टायरिन नाही. त्यामुळे मॅट ताठच राहते, वळणावर बसत नाही, आत हवा आणि पांढरे डाग राहतात, आणि बळ यावं म्हणून रेझिनचा मारा करावा लागतो. इपॉक्सीसाठी विणलेलं कापड किंवा शिवलेलं बायअॅक्सियल (दोन दिशांच्या धाग्यांचं कापड) घ्यावं, आणि ते इपॉक्सीला चालणारं आहे ना हे दुकानदाराला स्पष्ट विचारावं. काही कापडांवरचा लेप फक्त पॉलिएस्टरला मानवणारा असतो. ४५० ग्रॅम बायअॅक्सियलचा हाताने मारलेला एक थर साधारण अर्धा मिलिमीटरपेक्षा थोडा जाड बसतो, म्हणजे ४ मिलिमीटरला सात थर. वर सांगितलेल्या भोकाला १५४, १४०, १२६ असे चौदा-चौदा मिलिमीटरने उतरत ७० पर्यंत सात गोल कापायचे. त्यांचं सगळं मिळून वजन ३० ग्रॅमच्या आसपास भरतं, आणि कापडाच्या वजनाइतकंच रेझिन हा चांगल्या हाताचा हिशोब. पृष्ठभाग भिजवणं आणि वाया जाणं धरून ७० ते ८० ग्रॅम मिश्रण पुरतं. एवढ्या कामासाठी पाच किलोचा डबा घेण्याची गरज नाही.

मोजमापात हयगय चालत नाही. पॉलिएस्टरवर हात बसलेल्या कारागिराला हार्डनर दोन थेंब इकडेतिकडे करायची सवय असते, कारण तिथे तो एक-दोन टक्क्यांत खेळवता येतो आणि वेग बदलतो. के-६ तसा नाही. तो स्वतःच रेझिनच्या साखळीचा भाग बनतो. जास्त टाकला तर जादाचा भाग मोकळा राहतो, कमी टाकला तर रेझिन अर्धवट. दोन्हींत तळ रबरी किंवा ठिसूळ राहतो आणि तो कायम तसाच राहतो. ६० ग्रॅम रेझिनसाठी ६ ग्रॅम हार्डनर मोजताना स्वयंपाकघरातल्या काट्याची अर्ध्या ग्रॅमची चूकसुद्धा आठ टक्क्यांवर जाते, म्हणून ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा घ्यावा, सराफ बाजारात सोन्यासाठी वापरतात तसला. सिरिंजने आकारमानावर मोजायचं असेल तर लक्षात ठेवावं की के-६ हा रेझिनपेक्षा हलका आहे. वजनाने दहाला एक म्हणजे आकारमानाने साधारण साडेआठाला एक. दहाला एक असं सिरिंजने मोजलं तर हार्डनर कमी पडतो, आणि ही चूक फार वेळा होते.

दोन मिनिटं कडा आणि बूड खरवडत ढवळायचं, मग ते दुसऱ्या कपात ओतून पुन्हा एक मिनिट. रेझिन मधासारखं घट्ट असल्यामुळे कपाच्या कडेला न मिसळलेला थर राहतो आणि तोच नेमका शेवटी कापडावर ओतला जातो.

नाशिकचा उन्हाळा आणि हे रेझिन यांचं जमवून घ्यावं लागतं. पारा ३८ वर असताना कपात ठेवलेलं शंभर ग्रॅम मिश्रण पाहता पाहता तापतं, धुरकट होतं आणि कप वितळतो. म्हणून एका वेळी पन्नास-साठ ग्रॅमच मिसळावं आणि लगेच उथळ ट्रेमध्ये पसरावं. पसरलं की उष्णता निघून जाते आणि वेळ वाढतो. एका बैठकीत तीन-चार थरच घ्यावेत. सगळे सात एकदम मारले तर आत उष्णता कोंडते. काम दुपार कलल्यावर, उतरत्या तापमानात सुरू करावं. सकाळी चढत्या उन्हात सुरू केलं तर जुन्या फायबरमधली हवा फुगते आणि ताज्या रेझिनमध्ये बुडबुडे काढत राहते. संध्याकाळी तीच हवा आकसते आणि रेझिन आत ओढून घेते.

हिवाळ्यात प्रश्न उलटा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, निफाडकडे तर आणखी खाली, आणि १५ अंशांखाली के-६ जवळजवळ झोपतो. रेझिन इतकं दाट होतं की कापड भिजता भिजत नाही. डबा बंद करून कोमट पाण्यात ठेवावा, रेझिन ३०-३५ अंशांवर आणून वापरावं. थिनर किंवा अॅसिटोन घालून पातळ करू नये, ते आत अडकून राहतं आणि थर कच्चा ठेवतं. थंडीत पडून राहिलेलं रेझिन कधी कधी गढूळ किंवा रवाळ दिसतं. ते खराब नसतं, स्फटिक धरलेले असतात. ५०-५५ अंशांच्या पाण्यात डबा ठेवून ढवळलं की पुन्हा स्वच्छ होतं. पावसाळ्यात मात्र हे काम उघड्यावर करूच नये.

भोकाच्या आतून हात पोचत असेल तर सनमायकाच्या तुकड्याला खाकी पॅकिंग टेप चिकटवून तो आधाराला लावावा, त्या टेपला इपॉक्सी धरत नाही. खरवडलेल्या उतारावर आधी नुसतं रेझिन चोळायचं, मग एरोसिल (रेझिन दाट करणारी सिलिकाची हलकी भुकटी) मिसळून लोण्याइतकं केलेलं मिश्रण खाचाखोचांत भरायचं, मग कापड. मोठा गोल आधी, लहान नंतर. सर्वांत मोठा थर थेट जुन्या फायबरवर पूर्ण पसरतो आणि नंतर सपाट घासताना बळाचे धागे कमी कापले जातात, म्हणून हा क्रम बरा. प्रत्येक थर रबरी स्क्रॅपरने मधून कडेकडे ओढायचा. कापड पारदर्शक दिसायला हवं. चकाकणारं तळं दिसलं तर रेझिन जास्त झालं, ते काढून टाकावं. शेवटच्या थरावर कोटिंग नसलेलं नायलॉनचं पातळ कापड दाबून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी ओढून काढलं तर घासण्याचं काम निम्मं होतं. ते कापड सुटतं की नाही हे आधी फळकुटावर तपासावं.

के-६ ची एक खोड अशी: दमट किंवा थंड हवेत पक्क्या थरावर मेणचट साय येते. हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साईड यांच्याशी अमाइनची क्रिया होऊन ती बनते. तिच्यावर पुढचा थर किंवा रंग चढवला तर तो सुटणारच. ही साय पाण्यात विरघळते, थिनरने फक्त इकडून तिकडे पसरते. साधं पाणी आणि भांडी घासायची हिरवी घासणी, स्वच्छ फडक्याने पुसणं, आणि मगच ८० नंबरचा कागद. आधी घासून मग धुतलं तर साय ओरखड्यांत जाते.

सपाटीसाठी वरून भरायची ती लांबीसुद्धा त्याच इपॉक्सीत मायक्रोबलून (पोकळ, अतिसूक्ष्म गोळ्यांची हलकी भुकटी) घालून घरी बनवावी. गाड्यांच्या डेंटिंगवाल्यांची पॉलिएस्टर पुटी पाण्याखाली वापरू नये. तिच्यात टाल्क (शंखजिऱ्याची भुकटी) भरलेला असतो, ती पाणी पिते आणि वर्षभरात रंगासकट उठते. जुन्या होड्यांच्या तळावर बद्द आवाज येणाऱ्या जागा उघडल्या की हीच पुटी बाहेर येते.

एल-१२ च्या मर्यादाही स्पष्ट आहेत. के-६ बरोबर ते कडक पण ठिसूळ होतं. कापडासह उत्तम, पण बिजागरीच्या भोकात नुसतं ओतलं तर हिसक्याने तडकतं. तिथे कापडाचे बारीक कातरलेले धागे मिसळावेत. साध्या तापमानाला पक्कं झालेलं हे रेझिन उन्हात तापलेल्या गडद रंगाखाली मऊ पडू लागतं, म्हणून तळ पांढराच किंवा फिकट रंगवावा. ऊन थेट लागलं तर ते पिवळं पडून पिठूळ होतं, तेव्हा रंग हवाच. पण रंग म्हणून पॉलिएस्टर जेलकोट नको. अमाइनमुळे तो नीट पक्का होत नाही, वरून चिकट राहतो. आधी इपॉक्सी प्रायमर, वर दोन घटकांचा पॉलियुरेथेन. जेलकोटच हवा असेल तर ती दुरुस्ती मुळातून व्हिनाईल एस्टरने करावी.

हातमोजे नायट्राइलचे घ्यावेत. के-६ कातडी जाळतो, आणि एकदा त्याची अॅलर्जी बसली की आयुष्यभर कुठलंच इपॉक्सी हाताळता येत नाही. हाताला लागलं तर साबण-पाण्याने धुवावं, अॅसिटोनने नाही, ते कातडीतून आत पोचवतं. उरलेला के-६ काठोकाठ भरलेल्या छोट्या बाटलीत, झाकण घट्ट लावून ठेवावा. उघड्या बाटलीत तो हवेतली ओल ओढतो आणि पुढच्या वेळी तीच मेणचट साय दुपटीने येते. शेवटचा थर दिल्यापासून पंचवीसेक अंशांच्या हवेत सात दिवस होडी पाण्यात घालू नये. दुसऱ्या दिवशी नख उमटत नाही म्हणून ती उतरवली जाते, पण तेव्हा रेझिन अर्ध्या वाटेवर असतं. सातव्या दिवशी पुन्हा टकटक करून आवाज ताडावा. पॅच आणि शेजारचं जुनं फायबर एकाच आवाजात वाजलं तर ट्रेलर जोडायला हरकत नाही.